शंकेचा क्रम: पाच ओळींचं रसग्रहण

'फॉन्ट उडाला.' केडगावात झेरॉक्सच्या दुकानात, पतसंस्थेच्या टेबलावर, लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे, कुठेही संगणकावरचं मराठी बिघडलं की हेच दोन शब्द ऐकू येतात. फाइल उघडली, मराठीच्या जागी भलतीच चिन्हं आली, म्हणजे फॉन्ट उडाला. बहुतेक वेळा फॉन्ट आपल्या जागेवरच असतो. मोडलेला असतो तो एक करार. कोणत्या बाइटला कोणतं अक्षर मानायचं, याबद्दल फाइल लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात तो झालेला असतो.

हा करार जिथे लिहून ठेवला जातो अशा पाच ओळी आज सावकाश वाचायच्या आहेत. मी दिवसभर ज्यात काम करतो त्या व्हिम एडिटरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, अगदी डोक्यावर त्या आहेत. मुळात त्या रोमी लिपीत असतात. इथे उच्चाराप्रमाणे मांडतो.

सेट एन्कोडिंग=यूटीएफ-८
स्क्रिप्टएन्कोडिंग यूटीएफ-८
सेट फाइलएन्कोडिंग्ज=यूसीएस-बॉम,यूटीएफ-८,लॅटिन१
सेट लिस्टचार्स=टॅब:»·,ट्रेल:·
आयॲब्रेव्ह अहमदनगर अहिल्यानगर

सुरुवात शेवटच्या ओळीपासून करतो, कारण पाचांपैकी मराठी बोलणारी तीच एक आहे, आणि वरच्या चौघी तिच्यासाठी उभ्या आहेत असं मला नेहमी वाटतं. तिचं काम सोपं आहे. टाइप करताना डावीकडचा शब्द पुरा झाला आणि पुढे स्पेस किंवा स्वल्पविराम पडला, की त्याच्या जागी उजवीकडचा शब्द ठेवायचा. २०२४ साली नगरचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. पत्ता लिहिताना, अर्जाचा मसुदा करताना नवं नाव यायला हवं, पण बोटांना जुन्याची सवय. बोटं 'अहमदनगर' लिहून मोकळी होतात आणि पडद्यावर 'अहिल्यानगर' उमटतं.

दोन नावं अशी शेजारी शेजारी ठेवली की एक गंमत दिसते. डोळ्यांनी मोजा. डावीकडे सात अक्षरं: अ, ह, म, द, न, ग, र. उजवीकडे सहा: अ, हि, ल्या, न, ग, र. म्हणजे नाव एका अक्षराने आखूड झालं. संगणकाच्या खात्यात मात्र ते वाढलेलं आहे. तिथे 'हि' एक नसतं, ह आणि वेलांटी असे दोन असतात. 'ल्या' म्हणजे ल, त्याचा पाय मोडणारं चिन्ह, य आणि काना असे चार. जुन्या नावाची सात चिन्हं, नव्याची दहा. यूटीएफ-८ या मांडणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून जुनं नाव २१ बाइटांचं आणि नवं ३० बाइटांचं. हे दोन आकडे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहेत.

आणखी एक गोष्ट या ओळीत दिसत नाही, पण ती वापरणाऱ्याच्या हाताला ठाऊक असते. '१८४२ साली अहमदनगरातून ज्ञानोदय सुरू झालं' असं वाक्य लिहिताना नाव बदललेलं चालत नाही. इथे शब्द 'अहमदनगरातून' असा पुढे वाढतो, त्यामुळे ओळ जागी होत नाही. पण जुना दस्तऐवज उतरवून घेताना नाव एकटं आलं, तर स्पेस देण्याआधी कंट्रोल आणि व्ही दाबायचं. मग ओळ गप्प राहते आणि जुनं नाव जसंच्या तसं राहतं. आपोआप होणाऱ्या बदलाला थांबवण्याची सोय त्याच हाताच्या अंतरावर ठेवलेली आहे, आणि मला ही रचना मनापासून आवडते.

आता पहिली ओळ. एडिटरने स्वतःच्या पोटात मजकूर कोणत्या रूपात धरायचा, ते ती सांगते. ज्या संगणकावर भाषेची मांडणी ठरवलेली नाही, तिथे व्हिम लॅटिन-१ धरून चालतो. दूरच्या एखाद्या सर्व्हरवर लॉग-इन केलं की हे हमखास अनुभवाला येतं. विंडोजवर व्हिमच्या नव्या आवृत्त्या स्वतःहून यूटीएफ-८ धरतात, आणि निओव्हिममध्ये दुसरा पर्यायच नाही, त्यामुळे तिथे ही ओळ लिहिली काय, न लिहिली काय, सारखंच. तरी मी ती काढत नाही. माझी फाइल माझ्याबरोबर वेगवेगळ्या यंत्रांवर फिरते, आणि प्रत्येक यंत्राच्या घरची रीत वेगळी असते.

ती सगळ्यात वर का, हे जुन्या छापखान्यातल्या माणसाला लगेच कळेल. कंपॉझिटरचा हात न बघता केसमधल्या नेमक्या खणात जातो आणि खिळा उचलतो. खणांची मांडणी रात्रीतून कुणी बदलली, तर सकाळी हात तोच असेल, सवय तीच असेल, जुळेल मात्र भलतंच. त्यातही जुळवणी अर्ध्यावर आलेली असताना खण बदलले तर आधी जुळवलेला मजकूर आपोआप दुरुस्त होत नाही. व्हिमचंही तसंच आहे. ही ओळ बदलली म्हणून आधीच उघडलेला मजकूर नव्या रूपात जात नाही. तो तिथल्या तिथे बिघडू शकतो. म्हणून काम सुरू होण्याआधी, पहिल्या श्वासालाच हे ठरलेलं बरं.

खण बदलले की काय होतं, ते आपल्याच गावाच्या नावावर पाहू. केडगाव: क, मात्रा, ड, ग, काना, व. सहा चिन्हं, १८ बाइट. व्हिममध्ये 'के' या अक्षरावर कर्सर ठेवून जी आणि आठ दाबलं की खाली त्याचे बाइट दिसतात: ई०, ए४, ९५, मग अधिकचं चिन्ह, आणि मात्रेचे ई०, ए५, ८७. हेच १८ बाइट विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य मांडणीने वाचले तर प्रत्येक चिन्हाची तीन शकलं होतात. पहिलं शकल दर वेळी तेच: डोक्यावर डावीकडे झुकलेली रेघ असलेला छोटा ए. दुसरं बहुतेक वेळा ¤, फक्त मात्रेच्या वेळी जपानी येनचं ¥. हीच चाल मराठीतल्या कोणत्याही शब्दाला. म्हणून तर बिघडलेली मराठी फाइल लांबूनही ओळखू येते. गावाची ओळख उरते ती तिसऱ्या शकलात. क चा •, मात्रेचं ‡, ड चं उलटं उद्गारचिन्ह ¡, ग ची लांब रेघ —, काना म्हणजे पाऊण ¾, आणि व म्हणजे ग्रीक म्यू. रेणुकामातेच्या नवरात्रासाठी ज्या गावाचा रस्ता गर्दीने भरून जातो, ते गाव एवढ्या सहा खुणांत पडद्यावर उभं असतं.

बारकाईने पाहिलं तर या पडझडीतही वर्णमाला मोडलेली नसते. क चा शेवटचा बाइट ९५, ख चा ९६, ग चा ९७. म्हणून ग लांब रेघ होतो, तर ख त्याच्या आधीची आखूड रेघ. इस्की या भारतीय मांडणीत कवर्ग, चवर्ग असा आपल्या शिक्षणातला क्रम होता. १९९१च्या युनिकोडने देवनागरीसाठी तिच्या १९८८च्या रूपाचा आधार घेतला आणि तो क्रम तसाच पुढे आला. बिघडलेल्या फाइलमध्येही क नंतर ख आणि ख नंतर ग येतो, फक्त त्यांचे चेहरे परके असतात.

दुसरी आणि चौथी ओळ एकत्र वाचतो. चौथी अगदी साधी: टॅबच्या जागी » आणि ओळीअखेरच्या फालतू स्पेसच्या जागी मधला ठिपका दाखव. पण सेटिंगच्या या फाइलमध्ये ही दोन चिन्हं आली, पाचव्या ओळीत मराठी आलं, आणि एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. मजकूर कसा वाचायचा हे सांगणारी ही फाइल स्वतः कशी वाचायची? दुसरी ओळ त्याचंच उत्तर देते. 'मी स्वतः यूटीएफ-८मध्ये लिहिलेली आहे,' असं ती फाइलच्या वतीने सांगते.

खरं तर पहिली ओळ वर असताना दुसरीला करायला फारसं काही उरत नाही. दोन्हीकडे यूटीएफ-८ असेल तर रूपांतराची गरजच नाही. तरी तिची जागा महत्त्वाची आहे, आणि ती पहिलीच्या खालीच असली पाहिजे. ती वर गेली आणि त्या क्षणी एडिटरच्या पोटात लॅटिन-१ असलं, तर रूपांतर त्या जुन्या रूपाकडे लावून दिलं जातं. त्या रूपात मराठीला जागाच नाही. म्हणजे दोन ओळी, दोन्ही बरोबर, शब्दही बरोबर, आणि फक्त वरखाली केल्या तर पाचवी ओळ मातीमोल. आपल्याकडे पूजेत आधी संकल्प आणि मग विधी असतो. इथेही आधी घर कोणतं ते सांगायचं, मग पाहुणा कुठून आला ते.

पहिल्या दोन्ही ओळी काढून टाकून हीच फाइल लॅटिन-१ धरणाऱ्या सर्व्हरवर नेली, तर चौथी लगेच ओरडते. ठिपका यूटीएफ-८मध्ये दोन बाइटांचा. लॅटिन-१च्या नजरेला ती दोन चिन्हं दिसतात, आणि तिथे एकच चालतं. एडिटर उघडतानाच चूक समोर येते. पाचवी मात्र चुपचाप बसते. ती चुकीची नसते. ज्या बाइटांवर ती उभी आहे त्यांना आता कुणी मराठी म्हणत नसतं, एवढंच. म्हणून दिसायला क्षुल्लक असलेली चौथी ओळ मी जपतो. बिघाड झाला तर पहिली हाक तिची असते.

इतर एडिटरांनी हाच प्रश्न वेगळ्या स्वभावाने सोडवला आहे. ईमॅक्सला फाइलच्या पहिल्या ओळीत, दोन बाजूंच्या तारा-रेघांमध्ये, मांडणीचं नाव लिहिलेलं चालतं; पायथन भाषेने पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीत असंच टिपण वाचायची सोय ठेवली. तिथे प्रत्येक फाइल आपली ओळख गळ्यात घालून फिरते. एडिटरकॉन्फिग या सामाईक पद्धतीत सगळ्या प्रकल्पासाठी एकच ओळ असते, 'कॅरसेट = यूटीएफ-८', आणि ही सेटिंगची फाइल स्वतः यूटीएफ-८मध्येच असावी असा तिचा नियम आहे. स्वतःला कसं वाचायचं हा गुंता तिने नियम करून आधीच सोडवून टाकला. चार जण मिळून काम करत असतील तर मीही हीच ओळ टाकतो. पण रसग्रहणाला मन तिच्यात रमत नाही. ती हुकूम देते. बाहेरून आलेल्या अनोळखी फाइलशी बोलायची वेळ आली की तिच्याकडे शब्द नसतात, आणि केडगावातल्या माझ्या टेबलावर येणाऱ्या फाइली बहुतेक अनोळखीच असतात.

या पाच ओळींच्या हातात नसलेलंही सांगायला हवं, नाहीतर त्यांची स्तुती खोटी ठरेल. कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल आली की त्या काही करू शकत नाहीत. तिथे 'केडगाव' म्हणजे डी, एस, मोठा एम, एक्स, के, ओ ही सहा इंग्रजी अक्षरं. फाइलमध्ये खरोखर तीच अक्षरं असतात. मराठी असतं ते फक्त फॉन्टच्या चेहऱ्यात. अशा वेळी 'फॉन्ट उडाला' हे अक्षरशः खरं असतं. एडिटरच्या दृष्टीने ते सहा बाइट निर्दोष आहेत, कोणत्याही मांडणीत बसतात, आणि त्यांच्यावर शंका घ्यायला एकही कारण नाही. महाराष्ट्रात कित्येक वर्षांचा मजकूर असा चेहऱ्यांत अडकलेला आहे. तो बाहेर काढायला अक्षराला अक्षर जुळवणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो, आणि वेलांटी व रफार यांच्या जागा हलवताना हाताने तपासावंच लागतं.

'ॲप'मधल्या ॲ चंही असंच. युनिकोडमध्ये तो स्वतंत्र चिन्ह म्हणून आला २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोकांनी अ, मध्ये न दिसणारं जोडचिन्ह आणि वर चंद्र अशी जुळवणी करून तो लिहिला. नवा तीन बाइटांचा, जुना नऊ. पडद्यावर दोघे जुळे भाऊ, शोधायला गेलं तर एकाच्या नावाने दुसरा सापडत नाही. दोन्ही शुद्ध यूटीएफ-८ आहेत, म्हणून माझ्या ओळी दोघांनाही सारख्याच मानाने आत घेतात.

तिसरी ओळ मुद्दाम मागे ठेवली होती. पाचांत श्रेष्ठ तीच.

आधी तिच्या शेवटच्या 'ज'कडे बघा. व्हिममध्ये 'फाइलएन्कोडिंग' अशी एकवचनी सेटिंगही आहे आणि 'फाइलएन्कोडिंग्ज' ही अनेकवचनी. एकवचनी लिहिण्यासाठी: फाइल सेव्ह करताना तिला कोणतं रूप द्यायचं. अनेकवचनी वाचण्यासाठी: समोर आलेली फाइल काय काय असू शकते. नवखी माणसं बिघडलेली फाइल दुरुस्त करायला एकवचनी सेटिंग बदलतात आणि सेव्ह करतात, आणि तिथेच घात होतो, कारण ते वाचणं सुधारत नसतात, चुकीचं वाचलेलं कायमचं लिहून काढत असतात. आधीच लॅटिन-१ समजून उघडलेल्या केडगावचे १८ बाइट असे सेव्ह केले की ३६ होतात. तीच चूक पुन्हा झाली की ७२. व्याकरणातलं वचन इतकं निर्णायक झालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. वाचताना अनेक शक्यता धरायच्या, लिहिताना एकच ठरवायची, हे त्या एका 'ज'मध्ये आहे.

मग तीन नावं, स्वल्पविरामांनी जोडलेली. व्हिम फाइल उघडताना ती डावीकडून उजवीकडे लावून बघतो. एकात अडचण आली की पुढचं. पहिलं यूसीएस-बॉम. काही फाइलींच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटांची एक खूण असते, ईएफ, बीबी, बीएफ. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडून मराठी नीट दिसावं म्हणून ती खूण आपण मुद्दाम टाकतो. खूण असेल तर प्रश्नच मिटला, म्हणून तिला पहिला मान.

दुसरं यूटीएफ-८, आणि ते दुसरं असू शकतं याचं श्रेय त्याच्या घडणीला आहे. सप्टेंबर १९९२मध्ये केन थॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्या सोबतीने न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर त्याची मांडणी केली. त्या मांडणीत प्रत्येक बाइट आपण कोण ते सांगतो. ई० दिसला की तो म्हणतो, माझ्यासह तिघे आहोत. पुढचे दोन बाइट 'आम्ही मागचे' अशी खूण घेऊन यायलाच हवेत. एकही कमी पडला की वाचणाऱ्याला चूक कळते. दुसऱ्या मांडणीतला मजकूर चुकून या कसोटीला उतरणं फार अवघड आहे. म्हणून यूटीएफ-८ ने 'हो' म्हटलं तर त्यावर विश्वास ठेवता येतो.

तिसरं लॅटिन-१, आणि ते कधीच 'नाही' म्हणत नाही. २५६ च्या २५६ बाइटांना त्याच्याकडे जागा आहे. त्याला आधी ठेवलं असतं तर प्रत्येक फाइल त्यानेच पदरात घेतली असती आणि यूटीएफ-८ ची पाळी कधी आलीच नसती. या ओळीचा सारा अर्थ तिच्या क्रमात आहे: खूण आधी, कठोर परीक्षक मग, कुणालाच परत न पाठवणारा सगळ्यात शेवटी. शब्द तेच ठेवून क्रम उलटा केला तर ओळ आंधळी होते.

पण लॅटिन-१ ची योग्यता एवढ्यावर थांबत नाही. शेवटच्या जागेसाठी विंडोजची ती जुनी पाश्चात्त्य मांडणीही घेता आली असती; कित्येक जण घेतातही. तिच्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. युरोपातल्या भाषांना त्यांचं काही अडत नाही. आपल्याला अडतं. उकाराचा शेवटचा बाइट ८१. ए चा ८एफ, ऐ चा ९०, ॐ चाही ९०, झ चा ९डी. आणि पाय मोडण्याच्या चिन्हाचा ८डी, म्हणजे मराठीतलं झाडून प्रत्येक जोडाक्षर. बिघडलेली मराठी फाइल त्या मांडणीत घेतली तर काही अक्षरं नेमकी त्या रिकाम्या जागांत पडतात. लॅटिन-१मध्ये रिकामी जागा नाही. त्याला मराठीचं एक अक्षर वाचता येत नाही, तरी आलेला प्रत्येक बाइट जसाच्या तसा तो सांभाळून ठेवतो आणि मागितला की तसाच परत देतो.

हे मला एका यादीने शिकवलं. नाव बदलण्याच्या आधीच्या काळातली, गावांच्या नावांची सीएसव्ही यादी होती. कुठून आली ते महत्त्वाचं नाही. उघडली तर सगळीकडे तो रेघेचा ए आणि ¤, आणि खालच्या पट्टीत चौकटी कंसात 'कन्व्हर्टेड' हा शब्द. त्या शब्दाचा अर्थ असा की यूटीएफ-८ नाकारलं गेलं आणि फाइल लॅटिन-१च्या पदरात पडली. हजारो अक्षरं शुद्ध असतील, पण एक बाइट मोडका असला तरी पूर्ण फाइलच्या बाबतीत हेच होतं.

अशा वेळी मराठीतलं एक अक्षरही त्या फाइलमध्ये घालून सेव्ह करायला गेलं तर व्हिम ई५१३ ही चूक देऊन नकार देतो. त्याच्या जागी मुकाट्याने प्रश्नचिन्हं लिहून मोकळे होणारे प्रोग्रॅम आहेत, आणि प्रश्नचिन्हापासून मागे फिरायला वाट नसते. ब्राम मूलेनार या डच प्रोग्रॅमरने १९९१ साली व्हिम प्रसिद्ध केला आणि ऑगस्ट २०२३मध्ये जाईपर्यंत तो सांभाळला. वापरणाऱ्यांकडे पैसे न मागता युगांडातल्या मुलांसाठी मदत मागितली. त्या नकारात मला त्यांचा स्वभाव दिसतो.

तर आठ-जी-आठ दाबलं. ही आज्ञा नेमकी या प्रसंगासाठी आहे: यूटीएफ-८ असायला हवी होती पण मोडक्या बाइटमुळे दुसऱ्या मांडणीत उघडली गेली, अशा फाइलमधला पहिला मोडका बाइट ती शोधते. कर्सर एका स्वल्पविरामाच्या अलीकडे जाऊन थांबला. तिथे ई० होता, ए४ होता, आणि तिसरा बाइट यायच्या ऐवजी स्वल्पविराम. ए४ हा तीनांतला दुसरा, आणि तिसऱ्याची जागा रिकामी.

मग कारण उलगडलं. गावाच्या नावाचा रकाना २० बाइटांचा ठरवलेला होता. इंग्रजी वीस अक्षरांना तो पुरतो. मराठीत वीस बाइटांत सहा चिन्हं बसतात आणि वर दोन बाइट उरतात. केडगाव १८, भिंगार १८, नेप्ती १८, निंबळक १८, अरणगाव १८. नगर तालुक्यातली ही गावं मापाला बरोबर उतरली होती. कामरगाव सात चिन्हांचं, २१ बाइटांचं, म्हणून 'कामरगा' आणि पुढे व चे दोन तृतीयांश. बुऱ्हाणनगरचं 'बुऱ्हा' आणि ण चा तुटका भाग. प्रत्येक लांब नावाच्या टोकाशी एक अक्षर अर्ध्यावर कापलेलं.

एकेका ठिकाणी जाऊन ते दोन दोन बाइट काढले. पडद्यावर अजून सगळं परकंच दिसत होतं. कामरगाव कुठलं आणि केडगाव कुठलं ते मी परक्या खुणांवरून ओळखत होतो. शेवटचा काढून फाइल लॅटिन-१ म्हणूनच सेव्ह केली, एकवचनी सेटिंगला हात न लावता. मग पुन्हा उघडली. तिसऱ्या ओळीने खूण विचारली, ती नव्हती. यूटीएफ-८ ला विचारलं, आणि या वेळी ते 'हो' म्हणालं. पूर्ण यादी मराठीत आली, एकही अक्षर इकडचं तिकडे न होता. जे न वाचता इतका वेळ सांभाळलं गेलं होतं, ते सगळं जागच्या जागी होतं.

तुटलेली टोकं मग हाताने जोडली. कामरगाचं कामरगाव झालं, बुऱ्हाचं बुऱ्हाणनगर. शेवटी 'अहमदनग' असं थांबलेलं नाव आलं, सातवं अक्षर गमावलेलं. कर्सर टोकाला नेला आणि 'र' टाइप केला. पाचवी ओळ जागी झाली नाही. नाव सलग टाइप झालं तरच ती बदल करते, आणि मी लिहिलं होतं फक्त शेवटचं अक्षर. जुन्या यादीत जुनं नाव पुरं होऊन उभं राहिलं, २१ बाइटांचं.